दामूकाकांचं दहा महिन्यांचं वर्ष

"कशाकशाला भितेस?" हा दामूकाकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न.

त्या दिवशी एकोणीस तारीख होती, माझ्या खात्यात दोनशे बारा रुपये उरले होते आणि मी स्टोअरच्या खिडकीशी उभी राहून त्यांच्याकडे हजार रुपये उसने मागत होते. सिन्नरहून बोईसरला येऊन मला तीन महिने झाले होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात लॅबमध्ये पहिलीच नोकरी, पहिलाच पगार, आणि पगाराआधीच हप्त्यावर घेतलेला फोन. दर महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पैसे जात कुठे ते मला खरंच कळत नसे. लॅबमधल्या मुली म्हणाल्या, स्टोअरकीपर दामूकाकांना विचार, ते देतात, पण आधी डोकं खातात.

"भ्यायचं काय त्यात? पगार झाला की परत देते," मी म्हणाले.

"पैशे देतो मी. पन आदी सांग, कशाकशाला भितेस?"

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मी म्हटलं, "पालीला." त्यांनी माल दिल्याची एक जुनी पावती उलटी केली, कानावरची पेन्सिल काढली आणि गंभीर चेहऱ्यानं लिहिलं, 'पाल'. मग वर बघून म्हणाले, "फुडं?"

त्या 'फुडं'नं माझं हसू गेलं. बाबांना एकदा झटका येऊन गेला होता, तो पुन्हा आला तर. नोकरी गेली तर. घरमालकानं खोली सोडायला सांगितली तर. इथे कारखान्यात काही झालं तर. एकेक सांगताना माझा आवाज बारीक होत गेला. काकांनी सगळं लिहून घेतलं, पालीवर काट मारली, "हिला पैशे लागत नाय, झाडू पुरे," म्हणाले आणि उरलेल्या प्रत्येक भीतीपुढे दरमहा एक रक्कम लिहायला लावली. बाबांपुढे दीड हजार, नोकरीपुढे हजार, असं.

त्यांची पद्धत साधी होती. पानाच्या डोक्यावर पगार. त्याच्या खाली भीती. भीतीच्या खाली भाडं, किराणा, रिक्षा. आणि सगळ्यात तळाला हौस. जग आधी खर्च करतं आणि उरलं तर साठवतं. काकांचं पान नेमकं उलटं चालायचं. पगार जमा झाला की त्याच दिवशी भीतीची रक्कम दुसऱ्या खात्यात टाकायची, आणि त्या खात्याचं कार्ड काढायचंच नाही.

"आणि हौसेला काही उरलंच नाही तर?" मी विचारलं.

"तर हौस नाय. हौस नाय म्हनून कोन मेलाय?"

हजार रुपये त्यांनी दिले. आठ महिन्यांत फोनचे हप्ते फिटले आणि बाबांच्या नावापुढे बारा हजार जमले, तेव्हा मी पेढे घेऊन स्टोअरमध्ये गेले. काकांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "हे हौसेतून का?" हो म्हटल्यावरच दुसरा घेतला.

एक गोष्ट मात्र मी त्यांना कधी सांगितली नाही. पैसे साठतील तशी भीती कमी होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. आधी मी नुसती कडकी होते. आता माझ्याकडे यादी होती, आणि पगाराच्या दिवशी ती यादी वाचताना प्रत्येक ओळ खरी होणारच असं वाटायचं.

काकांचं तर सगळं अंगच त्या यादीचं झालं होतं. उंच, वाळकी देहयष्टी, आणि नाक सतत वर, हवेचा वास घेत. खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला रुमाल, वायू सुटला तर नाकाला लावायला. कँटीनमध्ये दाराजवळचीच खुर्ची. स्टोअरच्या फळ्यावर ते रोज सकाळी मालाच्या यादीआधी वारा लिहायचे. 'आज वारा भूमीवरून', 'आज दर्याकडून'. कोळीवाड्यातला माणूस, वारा त्यांना कातडीला कळे. कुठल्या कारखान्यातून काही सुटलं तर ते कुठल्या बाजूला जाईल आणि आपण कुठे पळायचं, हे त्यांनी आठ वाजताच ठरवलेलं असायचं. नवी पोरं हसायची. पण जाता-येता फळ्याकडे बघायची सगळीच.

तरुणपणी ते वडिलांच्या होडीवर जात. एका वादळात चौघं सापडले आणि तिघं परत आले. त्यानंतर काकांनी पाण्यात पाय घातला नाही. होडी धाकट्या भावाला सोडली आणि कारखान्यात लागले. गावात त्यांना भित्रा म्हणत. ते स्वतःही म्हणायचे. "मी भित्रा. म्हनून जिता हाय," असं अगदी वजन-उंची सांगावी तसं सांगायचे.

होडी सुटली तरी तिचं वर्ष काही सुटलं नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की कोळ्याच्या घरात पैसा येत नाही. जून-जुलै मासेमारीला बंदी, आणि नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की पुन्हा सुरुवात. तोवर सुक्या मासळीवर आणि मागच्या शिलकीवर घर चालतं. काकांना कारखाना बाराही महिने पगार द्यायचा, पण त्यांचं वर्ष दहाच महिन्यांचं राहिलं. जून-जुलैचा पगार जसाच्या तसा भीतीच्या खात्यात. त्या दोन महिन्यांत घरात ताजं काही नाही, नवं काही नाही, दुरुस्ती नाही, प्रवास नाही. उन्हाळ्यात भरलेला तांदूळ आणि सुके बोंबील, बस. स्टोअरमध्ये त्यांचा डबा उघडला की मिश्रा नावाचा ऑपरेटर नाक दाबून ओरडायचा, "अरे चाचा, जुलाई में भी तनखा मिलता है, भूल गए क्या?"

"मिलता है," काका शांतपणे म्हणायचे, "पर खानेका नहीं."

मला ते फार थोर वाटायचं. एका जूनमध्ये मीही करून पाहिलं. अकरा तारखेला मोडलं.

हे सगळं कुणासाठी चाललं होतं ते मला कळलं एका मंगळवारी दुपारी. शेजारच्या कारखान्यात स्फोट झाला. आधी धक्का, मग आवाज, मग आमच्या लॅबच्या काचा. सायरन सुरू झाला आणि आम्ही सगळे फाटकापाशी जमलो. काकांनी स्टोअरची माणसं मोजली, हजेरीवर खूण केली, पर्यवेक्षकाला कागद दिला आणि मग फाटकातून बाहेर धावत सुटले. साठीला आलेला माणूस तसा धावताना मी पाहिलेला नाही. मी त्यांच्या मागे का गेले ते मला आजही सांगता येत नाही. बहुधा मला एकटीला तिथे उभं राहवेना. हवेला तिखट वास येत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि काका कुंभवलीच्या रस्त्यानं "जयू, जयू" करत पुढे चालले होते.

कुंभवलीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. दार बाहेरून कुलूपबंद. काकांना किल्ली लावता येईना, ती मी लावली. आत टेबलाखाली एक बाई बसली होती. चाळिशीची असावी. गुडघे पोटाशी, दोन्ही हात कानांवर, तोंडावर ओला रुमाल बांधलेला. आम्हाला बघून ती म्हणाली, "दादा, मी बराबर बसले ना?"

"बराबर बसलीस," काका म्हणाले आणि तिथेच जमिनीवर बसून ढसाढसा रडले.

जयू त्यांची धाकटी बहीण. तिची समज सात-आठ वर्षांच्या मुलीएवढीच राहिली. आईबाप गेल्यावर काकांनी तिला आपल्याकडे आणलं आणि लग्न केलं नाही. दर रविवारी ते तिच्याकडून हा सराव करून घ्यायचे: आवाज झाला की रुमाल भिजवायचा, टेबलाखाली जायचं. मी त्या टेबलाकडे आणि त्या कुलपाकडे बघत राहिले. आग कुंभवलीपर्यंत आली असती तर ती तशीच बरोबर बसून राहिली असती, हे माझ्या मनात आलं. काकांच्याही आलं असणार. दुसऱ्या दिवसापासून ते कुलूप न लावता शेजारच्या बाईला दिवसभर बघायला सांगू लागले, आणि त्या बाईचे पैसे पानावर हौसेच्या जागी लिहिले गेले.

स्फोटाच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला आपली वही दाखवली. माझ्या पानावर चार भीती होत्या. त्यांच्या पानावर एकच. 'माझ्यामागं जयू.' तिच्यापुढे पगाराच्या जवळजवळ अर्धी रक्कम, महिन्यामागून महिना, वीस-बावीस वर्षं.

"ती ऐंशी वर्सं जगंल असं धरलंय," ते म्हणाले. "मी सत्तर. मी गेल्यावर तिला किती लागंल, त्याचा हिशेब हाय हा. भावाला दिलं तर होडीत जाईल. होडीचं पोट कंदी भरत नाय."

"काका, पैसे होतील हो. पण तिच्याजवळ राहणार कोण?"

"आदी पैशे होऊ दे," ते म्हणाले. "पैशे असले तर मानूस मिलतो."

यानंतरचं मी लिहू नये असं खूपदा वाटलं. पण ते वगळून काकांबद्दल लिहिणं लबाडीचं होईल.

पुढच्या वर्षी जूनच्या शेवटी जयूच्या पायात पत्रा घुसला. मोरीजवळ पडलेला गंजका तुकडा. बोईसरच्या दवाखान्यात सुई दिली, पट्टी केली. आठवड्यानं पट्टी बदलायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, जखम भरत नाहीये, रक्तातली साखर तपासा आणि पालघरला मोठ्या डॉक्टरांना पाय दाखवा. काका स्टोअरमध्ये आले आणि त्यांनी मला चिठ्ठी दाखवली. तपासण्या, फोटो, गाडी, सगळं मिळून पाच-सहा हजारांचं काम होतं. कारखान्याच्या विम्यात चाळिशीची बहीण बसत नव्हती.

"नारली पुनवेनंतर नेतो," ते म्हणाले. "आता बंदी चालू हाय. हलद लावतोय. दुखत नाय म्हनते."

त्यांच्या खात्यात तेव्हा चौदा लाख होते. सगळे जयूसाठी. मला ते ठाऊक होतं. मी त्यांच्यासमोर उभी होते, चिठ्ठी माझ्या हातात होती, आणि मी मान डोलावली. नुसती डोलावली नाही, मनातल्या मनात म्हणालेही, केवढा निश्चय या माणसाचा! दुखत नाही हीच त्यातली वाईट खूण होती. मधुमेहात पायाची जाणीव जाते. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला एवढं सुचायला हवं होतं.

काकांना कंजूष म्हणणारे पुढे बरेच निघाले. ते खरं नव्हतं. त्यांना पैशाचा मोह नव्हता, भीती होती. बंदीत एकदा हात घातला की हात सैल होतो, एकदा खातं फोडलं की फुटतच जातं, आणि मग आपल्यामागं जयू उघडी पडते, एवढंच त्यांना दिसत होतं. जी भीती दहा वर्षांनंतरची होती तिनं समोरची जखम झाकून टाकली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात जयूला थंडी वाजून ताप भरला. शेजारच्या बाईनं पट्टी सोडली तेव्हा दोन बोटं काळी पडली होती. काकांचा मला फोन आला, पण त्यात शब्द नव्हते, नुसता श्वास. मी आणि मिश्रा गाडी घेऊन गेलो. पालघरच्या वाटेवर बेटेगावच्या रेल्वे फाटकापाशी गाडी अडकली तेवढा वेळ काका जयूचा पाय मांडीवर घेऊन एकच वाक्य म्हणत होते, "तू दुखत नाय म्हनलीस ना गं? तूच म्हनलीस ना?" जयू तापात हो म्हणत होती. त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हणत होती असं मला वाटलं.

पाय गुडघ्याखालून काढावा लागला. शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी व्हरांड्यात विचारलं, "एवढे दिवस काय करत होता?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. काकांनी पिशवीतून वही काढली आणि डॉक्टरांपुढे धरली, शाळेत उशिरा आलेल्या मुलानं चिठ्ठी धरावी तशी. डॉक्टरांनी ती घेतलीच नाही. त्यांना कसली वही ते काय कळणार? मी ती काकांच्या हातातून काढून पिशवीत ठेवली.

त्यानंतर काका फार बोलेनासे झाले. फळ्यावर वारा लिहिणं बंद झालं. पोरं त्यांच्याकडे उसने पैसे मागायला जात, तर ते काहीही न विचारता देत. मला ते सहन व्हायचं नाही. एकदा मीच म्हटलं, "काका, त्याला विचारा ना, कशाला भितोस ते." ते म्हणाले, "नको. मी चुकीचं शिकवलंय." मी म्हटलं, तुम्ही शिकवलंत म्हणून माझ्या बाबांना दुसरा झटका आला तेव्हा शस्त्रक्रिया वेळेवर झाली. ते खरंच होतं. त्यांनी ऐकलं आणि पुन्हा मालाच्या गोण्या मोजायला लागले.

वर्षभरात ते निवृत्त झाले. मी लग्न करून पालघरला आले, नोकरी बदलली. दिवाळीला फोन व्हायचा. "जयू बरी हाय. कुबडी घेऊन चालते," एवढंच.

गेल्या फेब्रुवारीत ते मला पालघरला कोर्टाजवळ भेटले. मी स्टेशनरीच्या दुकानातून बाहेर पडत होते आणि समोरच्या वकिलाच्या पायऱ्या ते उतरत होते, एका हातानं जयूला धरून. दोघंही केवढी वाळली होती! काकांची मान आता पुढे झुकली होती आणि पायरी उतरताना कुणी कुणाला धरलंय ते कळत नव्हतं. आम्ही तिथल्याच एका उसाच्या गुऱ्हाळात बसलो. जयूनं रस घेतला नाही. साखर असते हे तिला आता पक्कं माहीत होतं. तिनं माझ्या हातातल्या बांगड्या मोजल्या आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा सांगितला.

काकांनी वकिलानं केलेला मसुदा काढला. मृत्युपत्र होतं. दोन खोल्या आणि सगळे पैसे जयूचे. वीज, औषध, शेजारच्या बाईचा पगार, तांदूळ, सगळं महिन्यावारी लिहिलेलं, बारा महिन्यांचं. एवढं चोख अंदाजपत्रक मी कुठल्या कारखान्यातही पाहिलं नव्हतं. त्याखाली एक ओळ होती: 'माझ्या पश्चात वरील रक्कम जयूच्या कारणी लावण्यासाठी व तिच्या देखभालीवर लक्ष ठेवण्यासाठी मी', आणि पुढे मोकळी जागा.

"पैशे झाले," काका म्हणाले. "पुरतात. वकिलानं पन तपासलं. फकस्त हितं नाव पायजे."

ते माझ्याकडे बघत नव्हते. रसाच्या ग्लासाकडे बघत होते. मला सगळं कळलं. आणि मी घाबरले. मी खरंच घाबरले, त्या स्फोटाच्या दिवशी घाबरले नव्हते इतकी. लाख-दोन लाखांची गोष्ट असती तर मी उभ्या उभ्या हो म्हटलं असतं. ही तीस वर्षांची गोष्ट होती. रात्री-बेरात्रीचे फोन, एक पाय नसलेली बाई, तिची साखर, तिचा उरलेला पाय, आणि सासरच्या माणसांचे चेहरे. मी म्हटलं, "काका, मी घरी विचारते हं. विचारून सांगते."

"विचार, विचार," ते लगेच म्हणाले. "घाई नाय. मी काय उद्या जात नाय." आणि त्यांनी कागद घडी करून पिशवीत घातला, इतक्या चटकन की जणू मला त्या कागदापासून वाचवायचं होतं.

मी त्यांना रिक्षा थांबवून दिली. आधी जयूला बसवलं, तिची कुबडी आत घेतली, मग काका चढले. मी वाकून जयूच्या गालाला हात लावला आणि बाजूला झाले. रिक्षावाला मागच्या गाडीला वाट देण्यासाठी क्षणभर थांबला होता, तेवढ्यात आतून जयूचा आवाज आला.

"दादा, ही येनार का आपल्याकडं?"

"विचारून सांगते म्हनली."

"मंग नाय येनार," जयू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "विचारून सांगतो म्हनतात ते नाय येत."

रिक्षा बोईसरच्या रस्त्याला वळली.

या गोष्टीला पाच महिने झाले. मी घरी अजून विचारलेलं नाही.